रेट्रो सिटी रॅम्पेज

रेट्रो सिटी रॅम्पेज : जुन्या काळातील व्हिडिओ खेळांच्या चित्रशैलीत रचलेला, मुक्त संचारास वाव देणारा एक विडंबनात्मक व्हिडिओ खेळ. कॅनडातील व्हँकूव्हर येथील आज्ञावलीकार ब्रायन प्रॉव्हिन्सियानो यांनी तो मुख्यत्वे एकहाती रचला आणि व्हीब्लँक एंटरटेन्मेंट या आपल्या संस्थेतर्फे ९ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रथम प्रसिद्ध केला. ‘गतकालीन नगरातील धुमाकूळ’ असा त्याच्या नावाचा स्थूल अर्थ सांगता येईल. विसाव्या शतकाच्या नवव्या व दहाव्या दशकांतील व्हिडिओ खेळ, चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांची थट्टा हा या खेळाचा मुख्य आशय होय. जुन्या यंत्राच्या मर्यादा स्वेच्छेने अंगीकारून केलेली निर्मिती आणि व्हिडिओ खेळ या माध्यमातील विडंबन, या दोन्ही दृष्टींनी त्याचा अभ्यास उद्‌बोधक ठरतो.

पूर्वपरंपरा : खेळाडूला ठरावीक मार्गाने पुढे न नेता एका विस्तृत काल्पनिक प्रदेशात स्वेच्छेने हिंडू देणाऱ्या खेळांना मुक्तविश्व खेळ म्हणतात. या प्रकारची बीजे एलीट (१९८४) या अंतराळव्यापारावरील इंग्लिश खेळात आणि द लेजंड ऑफ झेल्डा (१९८६) या जपानी खेळात आढळतात. तथापि आधुनिक महानगर हे मुक्तविश्वाचे क्षेत्र म्हणून रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने ग्रँड थेफ्ट ऑटो या मालिकेस जाते. या मालिकेचा, स्कॉटलंडमधील डंडी येथील डीएमए डिझाइन या संस्थेने रचलेला पहिला खेळ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहर आकाशातून खाली पाहिल्याप्रमाणे दिसत असे. २००१ मधील तिसऱ्या खेळाने या शहराला त्रिमितीय रूप दिले. रस्त्यावरील कोणतेही वाहन बळकावावे, गुन्हेगारांनी सोपविलेली कामगिरी पार पाडावी किंवा काहीच न करता शहरभर भटकावे आणि गुन्ह्यांच्या प्रमाणात पोलिसांचा ससेमिरा वाढत जावा, अशी या खेळांची सर्वसाधारण रीत आहे. त्यांतील शहरे, जाहिराती आणि नभोवाणी केंद्रे ही अमेरिकन जीवनावरील उपहासात्मक टीकाच असते. रेट्रो सिटी रॅम्पेजचा जन्म याच मालिकेच्या अनुकरणातून झाला. त्यामुळे उपहासाचाच उपहास, असे त्याचे काहीसे दुहेरी स्वरूप आहे.

जुन्या खेळयंत्राची बंधने : या खेळाची दृश्यशैली समजण्यासाठी ज्या यंत्राचे तो स्मरण करून देतो, त्याची माहिती असणे आवश्यक आहे. जपानमधील निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये फॅमिली कंप्यूटर (फॅमिकॉम) हे दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे खेळयंत्र विक्रीस आणले. १९८५ पासून तेच यंत्र निन्टेंडो एंटरटेन्मेंट सिस्टिम (एनईएस) या नावाने उत्तर अमेरिकेत विकले जाऊ लागले. त्यातील आठ-बिटी प्रक्रियकाची गती सेकंदाला सुमारे १८ लाख स्पंदांची होती. कामकाजाची अंतर्गत स्मृती केवळ २ किलोबाइट, म्हणजे एखाद्या मोठ्या आकाराच्या ग्रंथाच्या एका पानावरील मजकुरापेक्षाही कमी मजकूर मावेल इतकी होती. पडद्यावरील चित्र आडवे २५६ व उभे २४० चित्रबिंदू एवढे असे. उपलब्ध रंग पन्नासाहून थोडे अधिक होते, मात्र एका वेळी साधारणतः पंचविसापर्यंतच रंग दाखविता येत. हलणाऱ्या छोट्या आकृती एकूण ६४ आणि एका आडव्या ओळीत आठपर्यंतच उमटत. त्याहून अधिक आकृती एका ओळीत आल्या की त्यांतील काही अदृश्य होत. ती उणीव झाकण्यासाठी आज्ञावलीकार त्या आकृती आळीपाळीने दाखवीत. जुन्या खेळांतील आकृती लुकलुकत असल्याचे अनेकांना आठवते, त्याचे कारण हेच होय. ध्वनीसाठी दोन चौकोनी तरंग, एक त्रिकोणी तरंग, एक गोंगाटसदृश नाद आणि मुद्रित ध्वनींसाठी एक मार्ग अशा पाच वाहिन्या होत्या.

या बंधनांतूनच त्या काळच्या खेळांचे सौंदर्य घडले. चेहऱ्यासाठी मोजकेच चित्रबिंदू उपलब्ध असल्याने मारिओ या प्रसिद्ध पात्राला मिशा आणि टोपी देण्यात आली. मिशांमुळे तोंड आणि टोपीमुळे केस रेखाटण्याचे काम टळले. गाण्याला मोजक्याच वाहिन्या असल्याने सहज लक्षात राहणाऱ्या ठसठशीत चाली रचल्या गेल्या. प्रॉव्हिन्सियानो यांच्या संस्थेचे नावही याच तंत्राशी निगडित आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचातील इलेक्ट्रॉन शलाका पडद्याच्या तळापासून पुन्हा माथ्याकडे परतते, त्या अत्यल्प अवकाशास ‘व्हीब्लँक’ म्हणतात. पडद्यावरील पुढील चित्राची जुळवाजुळव आज्ञावलीला बहुतांशी या अवकाशातच उरकावी लागे.

निर्मिती : प्रॉव्हिन्सियानो यांनी २००२ मध्ये वरील आठ-बिटी यंत्रासाठी आज्ञावली लिहिण्याची साधने स्वतःच तयार करण्यास प्रारंभ केला. ग्रँड थेफ्ट ऑटो मालिकेतील तिसरा खेळ या जुन्या यंत्रावर उतरविता येईल काय, हे पाहण्याचा त्यांचा हा हौशी प्रयोग होता. त्याला त्यांनी ‘ग्रँड थेफ्टेंडो’ असे गमतीदार नाव दिले होते. शहराचा विस्तार, रहदारी, पादचारी आणि पाठलाग हे सारे २ किलोबाइट स्मृतीत सामावणे अतिशय कठीण होते. मूळ खेळाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा त्याच शैलीत स्वतंत्र खेळ रचण्याची कल्पना पुढे बळावली. तेव्हा त्यांनी जुन्या यंत्राचा नाद सोडून आधुनिक संगणकावर पुन्हा आरंभ केला. सुरुवातीची वर्षे हे काम फावल्या वेळात चालले, नंतर ते पूर्णवेळ झाले. २०१० मध्ये रेट्रो सिटी रॅम्पेज या नावाने खेळाची घोषणा झाली. आरंभापासून प्रसिद्धीपर्यंत सुमारे दहा वर्षे लोटली. खेळाचे संगीत जेक कॉफमन, लेनर्ड पॉल आणि मॅट क्रीमर या तिघांनी जुन्या यंत्रांच्या ध्वनीच्या धाटणीत रचले.

कथानक व खेळाची रीत : खेळाची घटनाभूमी थेफ्ट्रोपोलिस ही काल्पनिक नगरी आहे. ‘थेफ्ट’ म्हणजे चोरी हा इंग्रजी शब्द महानगरवाचक शब्दाशी जोडून हे नाव बनविले असून ‘चोरनगरी’ असा त्याचा भावार्थ होतो. नायकाचे नाव ‘प्लेअर’, म्हणजे नुसते ‘खेळाडू’ असेच आहे. नायकाला व्यक्तिमत्त्व नसते, तो खेळणाऱ्याच्या हातातील केवळ एक आकृती असतो, या जुन्या खेळांच्या उणिवेवरच ही कोटी आहे. हा भाडोत्री गुंड जेस्टर नावाच्या टोळीप्रमुखाच्या पदरी असतो. बँकेवरील एका दरोड्यात सारे फिसकटते. त्या धांदलीत दूरध्वनीच्या खोक्याच्या आकाराचे एक कालयान त्याच्या हाती लागते आणि तो ‘२०एक्सएक्स’ या अनिश्चित सालात जाऊन पडतो. तेथे डॉक चॉक नावाचा विक्षिप्त शास्त्रज्ञ त्याला भेटतो. मोडलेल्या कालयानाचे भाग गोळा करण्यासाठी नायकाने नगरभर केलेल्या उलाढाली, हा कथानकाचा मुख्य धागा होय. डॉ. फॉन बटनिक हा त्यातील प्रमुख प्रतिनायक.

शहर वरून खाली पाहिल्याप्रमाणे दिसते. नायक पायी अथवा हाती लागेल त्या वाहनातून हिंडतो, शस्त्रे चालवितो, तसेच शत्रूंवर उडी मारून त्यांना चिरडतो. यांपैकी शेवटची क्रिया सरळसरळ मारिओच्या खेळांवरून घेतलेली आहे. क्रमाने पार पाडावयाच्या कथामोहिमांखेरीज ठरावीक वेळेत गुण मिळविण्याची छोटी आव्हाने आणि कोणतेही बंधन नसलेला मुक्त संचार अशी त्याची तीन अंगे आहेत. त्याच वेळच्या इतर स्वतंत्र निर्मात्यांच्या खेळांतील पात्रे, उदा., माइनक्राफ्टमधील स्टीव्ह आणि सुपर मीट बॉय, यांत पाहुणी म्हणून येतात. पडद्यावरील चित्र निरनिराळ्या जुन्या यंत्रांच्या रंगसंगतीत पाहण्याची सोयही त्यात आहे.

विडंबनाचे स्वरूप : एखाद्या गंभीर रचनेचा बाह्य घाट कायम ठेवून आशय बदलणे आणि त्या विसंगतीतून हास्य निर्माण करणे, हे विडंबनाचे सर्वमान्य लक्षण होय. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. प्र. के. अत्रे यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या झेंडूची फुले (१९२५) या संग्रहात तत्कालीन कवींची वृत्ते, शब्दकळा आणि लकबी जशाच्या तशा उचलून त्यांत क्षुल्लक विषय भरलेले आहेत. तमाशातील गौळणीत पेंद्या आणि मावशी ही पात्रे कृष्णकथेची चौकट न मोडता तिची थट्टा करतात. पु. ल. देशपांडे यांच्या मराठी वाङ्‌मयाचा (गाळीव) इतिहास या पुस्तकात तर वाङ्‌मयेतिहासाच्या गंभीर लेखनपद्धतीचेच विडंबन आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ज्याचे विडंबन करावयाचे, त्याची घडण विडंबनकाराला मूळ कर्त्याइतकीच नेमकी ठाऊक असावी लागते. वृत्त चुकलेले विडंबन फसते.

रेट्रो सिटी रॅम्पेजमध्ये वृत्ताची जागा यंत्राच्या मर्यादांनी आणि खेळाच्या नियमांनी घेतली आहे. त्यातील विडंबनाचे स्थूलमानाने तीन स्तर पाडता येतात. पहिला स्तर उल्लेखांचा. दूरध्वनीच्या खोक्यातील कालयान हे बिल अँड टेड्‌स एक्सलंट ॲडव्हेंचर (१९८९) या चित्रपटाचे, तर डॉक चॉक आणि त्याची मोटार हे बॅक टू द फ्यूचर (१९८५) या चित्रपटाचे स्मरण करून देतात. दरोड्याचा प्रसंग द डार्क नाइट (२००८) या चित्रपटाच्या आरंभावर बेतलेला आहे. डॉ. फॉन बटनिक हे नाव सॉनिक या खेळमालिकेतील प्रतिनायकाच्या नावावरून आणि ‘२०एक्सएक्स’ हे साल मेगा मॅन या खेळमालिकेवरून घेतले आहे. या स्तरावरील विनोद ओळख पटण्याच्या आनंदावर अवलंबून असतो. ओळख न पटल्यास तो निष्प्रभ होतो.

दुसरा स्तर दृश्यशैलीचा. येथे जाडेभरडे चित्रबिंदू, मोजके रंग आणि एकसुरी नाद ही केवळ सजावट नसते. क्रूर प्रसंगही बाहुल्यांच्या खेळासारखे दिसू लागतात आणि भीषण व हास्यास्पद यांतील अंतर पुसट होते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा स्तर नियमांचा. शब्दांत किंवा चित्रांत विडंबन होऊ शकते, तसे ते कृतीतही होऊ शकते, हे येथे दिसते. उदा., शहरी मुक्तविश्व खेळांत एखाद्या मोटारीचा विशिष्ट अंतर राखून बराच वेळ पाठलाग करण्याची कंटाळवाणी कामगिरी हमखास असते. या खेळातील तशा मोहिमेत कंटाळून झोप लागू नये म्हणून नायकाला वाटेत कॉफी प्यावी लागते. येथे खेळाडू विनोद वाचत नाही वा पाहत नाही, तर तो स्वतःच्या हातांनी घडवितो. कंटाळवाण्या नियमाची थट्टा तो नियम पाळायला लावूनच केलेली असते. व्हिडिओ खेळ या माध्यमाने विडंबनाच्या जुन्या कलेत घातलेली भर ती हीच.

नक्कल, विडंबन आणि कायदा : उघडपणे दुसऱ्याच्या कृतीवर आधारलेल्या अशा निर्मितीला कायद्याचे संरक्षण कितपत मिळते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कॅम्बेल विरुद्ध ॲकफ-रोज या खटल्यात व्यापारी हेतूने केलेले विडंबनही मूळ कृतीचा उचित वापर ठरू शकते, असा निर्णय दिला. कॅनडाच्या प्रतिलिपी अधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ‘विडंबन अथवा उपहास’ हा उचित वापराचा एक स्वतंत्र हेतू म्हणून समाविष्ट झाला. ही दुरुस्ती त्या वर्षीच्या ७ नोव्हेंबरपासून, म्हणजे हा खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर अवघ्या महिन्याभराने अमलात आली. भारतीय प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ यात विडंबनाचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र टीका किंवा समीक्षण यांसाठी केलेला उचित वापर कलम ५२ अन्वये अपराध ठरत नाही. एका प्रसिद्ध मल्याळम् नाटकावरील टीका म्हणून लिहिलेल्या प्रतिनाटकाच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या तरतुदीचा उदार अर्थ लावला होता.

कायद्याप्रमाणेच रसिकतेच्या दृष्टीनेही नक्कल आणि विडंबन यांतील भेद लक्षणीय आहे. नक्कल आपले मूळ लपविते. विडंबन ते उघड करते, किंबहुना मूळ ओळखले गेले नाही तर विडंबनाचा हेतूच विफल होतो. प्रॉव्हिन्सियानो यांचा प्रवास पहिल्याकडून दुसऱ्याकडे झाला. हुबेहूब नक्कल उतरविण्याचा प्रयोग त्यांनी सोडून दिला आणि मगच स्वतंत्र कृती आकारास आली.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : आठ-बिटी खेळांची ओळख महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांना मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात झाली. निन्टेंडोची यंत्रे भारतात ‘समुराई’ या नावाने विकली जात. तथापि त्यांहून कितीतरी अधिक घरांत ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची, फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेली स्वस्त नक्कलयंत्रे पोहोचली. त्यांत बसवावयाच्या खेळपेटीला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याचे वेष्टनावर छापलेले असे, परंतु तेच मोजके खेळ निरनिराळ्या नावांनी पुनःपुन्हा यादीत आलेले असत. मारिओ आणि कॉन्ट्रा हे त्यांपैकी विशेष लोकप्रिय खेळ होत. शहरांतून व निमशहरी भागांतून व्हिडिओ गेम पार्लरेही निघाली. तेथील कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) हा कॅपकॉम कंपनीचा खेळ त्यातील एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला जाई. पुढे संगणक आणि सायबर कॅफे यांच्या प्रसाराबरोबर ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी (२००२) हा खेळ तरुणांत अतिशय लोकप्रिय झाला.

यामुळे रेट्रो सिटी रॅम्पेजमधील विनोदाचा मराठी खेळाडूला होणारा बोध अर्धा ओळखीचा व अर्धा परका, असा असतो. शत्रूवर उडी मारणे, आकृतींची धाटणी, वाहन बळकावून पळणे या गोष्टी त्याच्या परिचयाच्या असतात. अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांचे उल्लेख मात्र त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. नियमांचे विडंबन देशांच्या सीमा सहज ओलांडते, उल्लेखांचे विडंबन मागे राहते, हा निष्कर्ष यावरून काढता येतो. ज्या पिढीची जुन्या खेळांशी ओळखच नक्कलयंत्रांतून झाली, तिच्या दृष्टीने मूळ कोणते आणि नक्कल कोणती हा प्रश्नही गौण ठरतो. तिच्या आठवणीतले मूळ म्हणजे ती नक्कलच होय.

व्हिडिओ खेळांची निर्मिती महाराष्ट्रातही होऊ लागली आहे. मुंबईत १९९९ मध्ये इंडियागेम्स ही या क्षेत्रातील आरंभीच्या संस्थांपैकी एक स्थापन झाली. पुण्यातील नॉडिंग हेड्‌स गेम्स या छोट्या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत प्रसिद्ध झाला. पुण्याच्याच सुपरगेमिंग या संस्थेकडे पॅक-मॅन (१९८०) या अभिजात जपानी खेळाच्या भ्रमणध्वनीवरील अधिकृत आवृत्तीचे संचालन सोपविण्यात आले. जुन्या खेळाचे जतन व नूतनीकरण यांचे हे येथील उदाहरण म्हणता येईल. मुंबईतील गेमिऑन या संस्थेने २०२० च्या सुमारास मुंबई गल्लीज या, मुंबईसारख्या नगरीत घडणाऱ्या मुक्तविश्व खेळाचा प्रकल्प हाती घेतला. तो मात्र विडंबनपर नसून आधुनिक त्रिमितीय शैलीचा आहे.

आवृत्त्या व जतन : हा खेळ प्रथम वैयक्तिक संगणक, प्लेस्टेशन ३ आणि प्लेस्टेशन व्हिटा यांवर आला. जानेवारी २०१३ मध्ये तो एक्सबॉक्स ३६० वर आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये निन्टेंडोच्या वी यंत्रावर प्रसिद्ध झाला. ‘डीएक्स’ ही सुधारलेली आवृत्ती २०१४ मध्ये निन्टेंडो ३डीएस या हातात धरावयाच्या यंत्रासाठी निघाली. २०१७ मध्ये निन्टेंडो स्विच या यंत्रावरही खेळ उपलब्ध झाला.

या आवृत्त्यांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत. मूळ प्रयोगाकडे परत जाऊन प्रॉव्हिन्सियानो यांनी या खेळाचा एक भाग खऱ्याखुऱ्या आठ-बिटी यंत्रावर चालेल अशा रूपात उतरविला आणि त्याला ‘रॉम सिटी रॅम्पेज’ असे नाव दिले. २०१५ मध्ये त्यांनी एम्एस-डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठीही आवृत्ती काढली. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या ४८६ जातीच्या प्रक्रियकावर ती चालते आणि संपूर्ण खेळ १·४४ मेगाबाइटच्या एका लवचिक चकतीत मावतो. रेट्रो सिटी रॅम्पेज जुन्या यंत्रावरील खेळासारखा दिसत असला, तरी त्यात एकाच वेळी दिसणारी वाहने, माणसे आणि स्फोट त्या यंत्राला कदापि झेपले नसते. म्हणजे तो जुन्या खेळांचे नव्हे, तर जुन्या खेळांच्या आठवणींचे चित्र आहे. आठवणीत आकृती लुकलुकत नाहीत आणि गती मंदावत नाही. जुन्या यंत्रावर उतरविलेल्या आवृत्तीने ही आठवण वस्तुस्थितीच्या कसोटीला लावली. काय गाळावे लागते, नकाशा किती आटोपता घ्यावा लागतो आणि कोणती दृश्ये अशक्य ठरतात, हे त्यामुळे प्रत्यक्ष दिसून आले. पूर्वीच्या आज्ञावलीकारांच्या कौशल्याचे मोल जाणण्यास असा प्रयोग एखाद्या ऐतिहासिक ग्रंथाइतकाच उपयुक्त आहे.

जतनाचा प्रश्न नव्या यंत्रांच्या बाबतीत अधिक बिकट आहे. वी यंत्रासाठीची आवृत्ती केवळ संगणकीय जाळ्यावरून विकत घेता येत असे. निन्टेंडोने वी यंत्राचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये आणि ३डीएसचे दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केले. त्यानंतर त्या दुकानांतून या आवृत्त्यांची नवी खरेदी करता येत नाही. १९८५ ची खेळपेटी आजही चालू शकते, मात्र २०१३ मध्ये विकलेली आवृत्ती अवघ्या सहा वर्षांत बाजारातून नाहीशी होते. दुर्मिळ झालेला छापील ग्रंथ निदान ग्रंथालयात सापडतो, अशा खेळांच्या बाबतीत तशी सार्वत्रिक व्यवस्था अद्याप निर्माण झालेली नाही. एकच खेळ अनेक यंत्रांवर उतरविण्याच्या प्रॉव्हिन्सियानो यांच्या खटाटोपाला या दृष्टीने जतनाचेही मूल्य आहे. एक दुकान बंद झाले, तरी कृती अन्यत्र टिकून राहते.

मूल्यमापन : प्रसिद्धीनंतर समीक्षकांनी या खेळाचे सर्वसाधारणपणे स्वागत केले, परंतु काही आक्षेपही घेतले. उल्लेखांची गर्दी इतकी दाट आहे की, विनोद रुजण्यापूर्वीच पुढचा विनोद येऊन आदळतो. काही मोहिमा अकारण कठीण आहेत. ज्या सदोष नियमांची थट्टा करावयाची, तेच नियम खेळाडूला सोसावे लागल्याने क्वचित थट्टेऐवजी कंटाळाच हाती येतो, असे ते आक्षेप होत. यांतील शेवटचा आक्षेप कृतिरूप विडंबनाची अंगभूत अडचण दर्शवितो. कंटाळवाण्या कवितेचे विडंबन क्षणभरात वाचून होते. कंटाळवाण्या खेळाचे विडंबन मात्र खेळाडूला तितकाच वेळ खेळावे लागते. हिंसेविषयीचा प्रश्नही येथे पूर्णपणे सुटत नाही. बाहुल्यांसारख्या आकृतींमुळे क्रौर्य निरुपद्रवी भासते, हे त्यातील हास्याचे कारण आहे आणि चिंतेचेही.

प्रॉव्हिन्सियानो यांचा पुढील खेळ शेकडाउन : हवाई हा मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ-बिटीऐवजी त्यानंतरच्या सोळा-बिटी खेळांची समृद्ध चित्रशैली आहे. त्याचा नायक काळाच्या मागे पडलेला एक वयस्क उद्योगपती असून बुडता धंदा सावरण्यासाठी तो फसव्या व्यापारी क्लृप्त्या आणि दंडेली यांचा आधार घेतो. येथे थट्टेचा रोख जुन्या चित्रपटांवरून समकालीन व्यापारी व्यवहाराकडे वळलेला दिसतो. पहिल्या खेळातील विडंबन स्मरणरंजनातून आले, दुसऱ्यातील उपहास प्रचलित जगाच्या निरीक्षणातून आला.

स्मरणावर उभ्या असलेल्या विडंबनाचे आयुष्य मूळ कृतींच्या स्मरणाइतकेच असते. अत्र्यांनी ज्या कवितांचे विडंबन केले, त्यांपैकी काही आज प्रामुख्याने त्या विडंबनांमुळेच आठवल्या जातात. आठ-बिटी खेळांच्या बाबतीतही तसे घडणे संभवनीय आहे. ती यंत्रे पाहिलेली पिढी मागे पडल्यावर त्या खेळांचे रूप, त्यांचे नियम आणि त्यांच्या गमती पुढील पिढीला अशा थट्टेखोर कृतींतूनच प्रथम भेटतील. त्या दृष्टीने रेट्रो सिटी रॅम्पेज हा केवळ करमणुकीचा खेळ न राहता अल्पायुषी ठरू पाहणाऱ्या एका लोकप्रिय कलाप्रकाराचा साक्षेपी संग्रहही ठरतो.